ओल, वारा आणि उशीर

पनवेलला थंडीची लाट आली असं आपण म्हणतो तेव्हा पहाटे पारा पंधरा-सोळावर असतो. कपाटातून कानटोप्या निघतात, चहाच्या टपरीवर गर्दी वाढते आणि दहा वाजेपर्यंत स्वेटर कमरेला बांधलेला असतो. एवढ्याच शिदोरीवर आपल्याकडची कितीतरी मंडळी दर डिसेंबरात मंगला एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन गाठतात, पुढे डेहराडूनमार्गे सांक्री, आणि घर सोडून आठवडा व्हायच्या आत केदारकंठाच्या ३,८०० मीटर उंच माथ्यावर सूर्योदय पाहत उभी असतात. काहींची उडी त्याहून मोठी. ते लेहला उतरून गोठलेल्या झंस्कार नदीवरची 'चादर' चालायला जातात. तिथे रात्री उणे वीस-पंचवीस ही नेहमीची गोष्ट. बहुतेक सगळे फोटो घेऊन सुखरूप परततात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे, आणि आपण उरलेल्यांत आहोत की नाही हे निघताना कुणालाच ठाऊक नसतं.

निघण्याआधी प्रत्येक जण विचारतो, "तिथे उणे किती असतं?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावरून फक्त जॅकेट किती जाड घ्यायचं ते ठरतं. विचारायचे प्रश्न तीन आहेत. ओलं झालो तर कोरडे कसे होणार? वारा सुटला तर आडोसा कुठे? आणि उशीर झाला तर परत कुठून फिरायचं?

पटत नसेल तर बर्फ विसरा आणि हरिश्चंद्रगड घ्या. उंची १,४२४ मीटर, बर्फाचा संबंध नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्या सहा जणांची तिथे धुक्यात वाट चुकली. रात्र पावसात, उघड्यावर काढावी लागली. त्यातला एक जण गारठून गेला. त्या रात्री पारा शून्याच्या आसपासही नव्हता. शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं; ते ३५च्या खाली घसरलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी उणे तापमान लागत नाही. भिजलेले कपडे, वारा, रिकामं पोट आणि थकलेलं शरीर एवढं एकत्र आलं की दहा-बारा अंशही पुरतात. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी लवकर ओढून घेतं. वाऱ्याचा हिशेबही तसाच. हवा उणे दहा असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती उणे एकवीससारखी लागते.

म्हणूनच पनवेलकरांना थंडीची शाळा नाही हे मला मान्य नाही. आपली शाळा जुलैत भरते. मुसळधार पावसात प्रबळमाचीपर्यंत चढा, माथ्यावरच्या वाऱ्यात अर्धा तास बसा आणि मग पाहा, सॅकमधले सुके कपडे खरोखर सुके राहिलेत का. रेनकोटाच्या आत घामाने भिजलात का? बधिर बोटांनी बुटाची नाडी सुटते का? दोन जणांना पुरेल एवढा आडोसा प्लास्टिकच्या एका ताडपत्रीतून पाच मिनिटांत उभा करता येतो का? ज्याला हे प्रबळवर जमलं, त्याला हिमालयात नव्याने शिकायला फार थोडं उरतं. ज्याला जमलं नाही, त्याने महागडं जॅकेट घेण्याआधी आणखी एक पावसाळा काढावा. दमाची तयारीही घराजवळच होते. धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढणारी वाट पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढलात, तर हिमालयातल्या एका चांगल्या दिवसाएवढी चढाई होते. विरळ हवेची सवय मात्र इथे होणार नाही, त्याबद्दल पुढे.

अंगावर काय, आणि कधी

सगळ्यात आधी सुती बनियन घरी ठेवा. जीन्सही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. चढताना हे जाणवत नाही, थांबल्यावर पाच मिनिटांत पाठ बर्फासारखी होते. अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं पातळ कवच. पिसांचं फुगीर डाउन जॅकेट हे थांबल्यावर घालायचं असतं. ते घालून चढणारे नवखे लांबूनच ओळखू येतात: घामाने भिजलेले, चेहरे लाल, आणि दोन तासांनी तळावर सगळ्यांत जास्त कुडकुडणारे. भिजलेलं डाउन ऊब देत नाही हेही लक्षात असू द्या. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतंच. घाम फुटायच्या आधी एक थर काढायचा आणि थांबण्याच्या आधी, थंडी वाजायची वाट न पाहता, चढवायचा. ही काढघाल कंटाळवाणी आहे. गटातले लोक "काय सारखं चाललंय तुझं" म्हणतील. म्हणू द्या.

पायांची एक गंमत अशी की थंडीच्या भीतीने लोक तीन-तीन मोजे चढवतात, बूट घट्ट होतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढा मोकळा बूट बरा. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचा, तो काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही. हातांना पातळ हातमोजे आणि त्यावर बोटं एकत्र ठेवणारे जाड मिटन्स; फोटोसाठी मिटन काढला तर तो मनगटाला दोरीने बांधलेला असावा, कारण वाऱ्यात उडालेला हातमोजा परत येत नाही. काळा चष्मा हा मिरवण्याचा भाग नाही. ताज्या बर्फावरून परतणाऱ्या अतिनील किरणांनी एका दुपारीत डोळे भाजतात, आणि रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होऊन माणूस आंधळा होतो. हे बरं होतं, पण दोन दिवस दुसऱ्याच्या हाताला धरून उतरावं लागतं.

खाण्यात आपण नशीबवान. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळ-खोबरं यांच्याइतकं थंडीला उपयोगी खाणं परदेशी पाकिटांतही फारसं नाही. पाकिटं सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवा आणि तासातासाला तोंडात टाकत राहा. कुडकुडणं म्हणजे स्नायूंचं कामच. त्याला इंधन लागतं. तहान लागत नाही तरी पाणी प्यायलाच हवं. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवली की बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. रात्री हीच बाटली गरम पाण्याने भरून मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेतली की पायाशी शेकोटी मिळते आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही. रमबद्दल एवढंच, की ती ऊब देत नाही. ती कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडते, आतली ऊब बाहेर येते म्हणून गरम वाटतं, आणि ती ऊब मग हवेत निघून जाते.

माणूस बरळायला लागला की

थंडी आधी मेंदूवर चढते, म्हणून ज्याला ती लागते त्याला ती कळत नाही. ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. लक्षणं शेजाऱ्याने ओळखायची असतात. सुरुवातीला कुडकुडणं. मग माणूस अडखळायला लागतो, वस्तू हातातून पडतात, शब्द जड होतात, एरवी बडबड्या असलेला गप्प होतो किंवा शांत माणूस उगाच चिडतो. "मला बसू द्या, तुम्ही व्हा पुढे" हे वाक्य कानावर आलं की थांबायचं. एक साधी तपासणी: जॅकेटची चेन लावायला सांगा, सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर कार्यक्रम तिथेच संपला.

कुडकुडणं थांबलं आणि तरीही माणूस थंड आहे, तर ते सुधारणं नव्हे. शरीराने हार मानली आहे. या अवस्थेत काही जणांना गरम होत असल्यासारखं वाटतं आणि ते अंगावरचे कपडे काढायला लागतात. हे अनेक मृत्यूंच्या ठिकाणी दिसून आलेलं आहे. त्याला वेड लागलंय असं समजू नका.

करायचं काय? आधी वाऱ्यातून बाजूला. मग ओले कपडे काढून सुके घालायचे. तंबू किंवा ताडपत्रीचा आडोसा असेल तर त्यात. खाली मॅट, रिकामी सॅक, दोरी, जे असेल ते घालायचं, कारण जमीन हवेपेक्षा जास्त ऊब खेचते. वरून स्लीपिंग बॅग आणि तिच्यावर प्लास्टिक. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी, हातापायांना नाही. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळायचे नाहीत आणि "चल, चालून गरम हो" असं म्हणून त्याला उठवायचंही नाही. हातापायांतलं थंड रक्त एकदम हृदयाकडे आलं तर ते घातक ठरतं. खूप गारठलेल्या माणसाला आडवाच ठेवायचा, हलक्या हाताने हलवायचा. आणि आशा लवकर सोडायची नाही. आना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ स्कीइंग करताना ओढ्याच्या बर्फाखाली अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय थांबलं होतं. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिला हळूहळू ऊब देत परत आणलं आणि पुढे ती पुन्हा डॉक्टरकी करू लागली. ट्रॉम्सोसारखं रुग्णालय आपल्या वाटेवर नसेल, पण नाडी लागत नाही म्हणून चादर ओढून मोकळं व्हायचं नाही, एवढं त्यातून घेता येतं.

हिमदंशाचं सोपं. बोट, कान, नाकाचा शेंडा पांढरा, कडक, बधिर. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही (हा जुना सल्ला अजून कुठे कुठे ऐकू येतो). शेकोटीवर धरायचं नाही, बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात बुडवायचं. पण त्याच वाटेवर ते पुन्हा गोठणार असेल तर वितळवूच नका. एकदा वितळून परत गोठलेलं बोट वाचवणं कठीण. बधिर पायाने उतरून दवाखान्यात पोचणं परवडलं.

उंचीचा वेगळा हिशेब

लेह ३,५०० मीटरवर आहे. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला. सकाळी मुंबईहून विमानात बसून दुपारपर्यंत लेहला उतरलात तर शरीराला प्रत्येक श्वासात घरच्यापेक्षा साधारण एक-तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळत असतो, आणि याची तयारी व्यायामशाळेत होत नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. उलट तोच जास्त फसतो, कारण तो लवकर चढतो. पहिले दोन दिवस काहीही न करता काढा. चादरला जाणाऱ्यांना लेहमध्ये थांबून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, त्यावर कुरकुरू नका. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपण्याचं ठिकाण आदल्या रात्रीच्या ठिकाणापेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त उंच नसावं, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा.

डोकेदुखी आणि तिच्यासोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, छातीत गुरगुरतं, कफ गुलाबी फेसाळ दिसतो, किंवा माणूस तोल जाऊन झोकांड्या देतो, बोलण्यात घोटाळतो, तर त्याच क्षणी खाली. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. थंडी उंचीच्या या त्रासाला हातभार लावते, आणि झोकांड्या थंडीच्या की उंचीच्या हे तंबूत बसून ठरवता येत नाही. अंग गरम करा आणि खालीही न्या. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी गटातल्या कुणाच्या तरी पाकिटातून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती त्रासाची ठरू शकते. निघण्याच्या दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर न लाजता सांगा.

बंद खोली, बंद गाडी

सगळे काही ट्रेकला जात नाहीत. पनवेलहून मनालीला जाणारी कुटुंबं ट्रेकर्सपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांना थंडीचा धोका वेगळ्या दाराने येतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामनला एका हॉटेलात केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. ज्योत असलेली कुठलीही वस्तू, मग ती कोळशाची शेगडी असो, गॅसचा हीटर असो की तंबूतला स्टोव्ह, झोपताना विझलेली हवी आणि जळत असताना खिडकी थोडी उघडी हवी. तंबूत स्वयंपाक तर नकोच. सकाळी सगळ्यांचंच डोकं एकदम दुखत असेल तर आधी बाहेर पडा, चहाचं नंतर बघू.

गाडीचंही तेच. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलमधलं बर्फ मनालीहून तासाभरावर आलं, आणि बर्फ पडल्यावर सोलंग ते बोगद्याच्या टापूत शेकडो गाड्या अडकण्याच्या बातम्याही दर हिवाळ्यात येतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला अशाच अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. सायलेन्सरभोवतीचं बर्फ आधी हाताने, ताटाने, कशानेही काढा आणि काढत राहा. मगच तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवून. चालक स्थानिकच हवा. रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फ धरलेला असतो तो डांबरासारखाच दिसतो, आणि एक्स्प्रेसवेवर पंधरा वर्षं गाडी चालवलेल्याला त्यातलं काही कळत नाही.

स्टोव्हबद्दल एक छोटी गोष्ट. स्वस्त कॅनमध्ये साधा ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतो. सह्याद्रीत उत्तम चाललेला स्टोव्ह बर्फात नुसता फुसफुसतो, तो यामुळे. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा कॅन घ्या. फोन आणि बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. आणि परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेलं उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र परवानगीशिवाय सोबत नेऊ नका. आपल्याकडे ते बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकले आहेत.

परत फिरण्याची वेळ

जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल ट्रेकवर २२ जणांची तुकडी, बहुतेक कर्नाटकातले, उतरताना खराब हवेत सापडली. नऊ जण गेले. महिना जून होता, म्हणून हे सांगतो. चार हजार मीटरच्या वर ऋतू कॅलेंडरवर चालत नाही. दुपारी हवा बिघडते हे मात्र जवळजवळ ठरलेलं. म्हणून माथा पहाटे करतात. गटाने निघण्याआधीच परतीची घड्याळातली वेळ ठरवावी: समजा अकरा. अकराला माथा पन्नास पावलांवर असला तरी वळायचं. ही वेळ खाली, चहा पिताना ठरवायची असते, कारण वर गेल्यावर ठरवणारा मेंदू थकलेला असतो. डिसेंबरात उत्तराखंडात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि खोल दरीत त्याच्या कितीतरी आधी काळोख होतो. कर्नाळ्याहून सहा वाजता उतरण्याची सवय तिथे नेऊ नका.

ताजं बर्फ पडल्यानंतर किमान एक दिवस तिरक्या उतारावरून आडवं जायचं टाळा. हिमस्खलन बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतं आणि त्याला अनुभवाचा आदर नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून पंचवीसहून अधिक जण त्यात गेले. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा काढते. तो आणि हवामान खात्याचा अंदाज रोज पाहणारा गाइड कोण आहे, हे आयोजकाला विचारा. सोबत ऑक्सिजन सिलिंडर आहे का, किती जणांमागे एक स्थानिक गाइड, आजारी माणसाला घेऊन उतरायला वेगळा माणूस कोण, हेही विचारा. "सगळं असतं, काळजी करू नका" हे उत्तर नाही. दोन हजार रुपयांनी स्वस्त असलेली बॅच कुठे पैसे वाचवते आहे ते याच प्रश्नांतून कळतं.

वाट चुकली, तर उतरत्या नाल्याच्या मागे धावू नका; तो कड्यावर संपतो, सह्याद्रीतही आणि हिमालयातही. उजेड आहे तोवर आडोसा शोधा, सगळे कपडे घाला, सॅकवर बसा, एकमेकांना चिकटून बसा. शिट्टी गळ्यात असावी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. ओरडण्याने घसा जातो, शिट्टीने नाही.

यातल्या बऱ्याचशा चुकांमागे कारण एकच दिसतं, परतीचं आरक्षण. सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं म्हणून डोकं दुखत असताना चढलं जातं, बर्फ पडत असताना गाडी काढली जाते. आठ दिवसांच्या ट्रेकला दोन दिवस रिकामे धरा आणि परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा. ते दिवस उरले तर ऋषिकेशला घालवा. घरी एका कागदावर लिहून ठेवा: कोणता ट्रेक, कोण आयोजक, गाइडचा नंबर, रोजचा मुक्काम, कोणत्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि त्यानंतर किती तास वाट पाहून कुणाला कळवायचं. सह्याद्रीत असाल तर ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, उत्तराखंडात असाल तर तिथलं एसडीआरएफ. नंबर निघण्याआधी तपासून कागदावरच टाका, फोनमध्ये नको. कागद फ्रिजवर लावा, आणि घरातल्या ज्याला लवकर घाबरण्याची सवय आहे त्याच्याऐवजी जो वेळ पाळतो त्याच्या हवाली करा.